पूजेत निजलेला ब्रॅकेट

रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग दिसू लागले की लोकांना दसरा आठवतो, तोरणं आठवतात, आपट्याची पानं आठवतात. मला इंजिन आठवतं. आधी रॉकेलचा वास येतो, त्यामागून झेंडूचा आणि सगळ्यात शेवटी, मागच्या बाकावर बसलेल्या पाहुण्यासारखा, भाजलेल्या भाकरीचा. हे तीन वास एका ओळीत येणारा माणूस सबंध अमरावतीत मी एकटाच असेन. डॉक्टरला दाखवावं असं घरच्यांचं मत आहे.

यंदा हा प्रकार जरा लवकर सुरू झाला, त्याला कारण शेजारचा निरंजन. त्यानं कुठून तरी एक जुनी मोटार आणली आहे. कापडी टपाची, मोठाल्या दिव्यांची, पायठेवणी असलेली. वर्षभर तिच्यावर घाम गाळून तिला नवरीसारखं नटवलं आहे. रविवारी सगळी आळी तिच्याभोवती जमते. कोणी भोंगा वाजवतं, कोणी दिव्यात स्वतःचं तोंड बघून केस सारखे करतं. मी जातो, बॉनेट उघडायला लावतो आणि कमरेत वाकून आत डोकं घालतो.

"आजोबा, काही पडलं का आत?"

"नाही रे. ब्रॅकेट बघतोय."

"ब्रॅकेट कोण बघतं, आजोबा?" असं म्हणून तो हसला. चांगला मुलगा आहे, हसण्यात कुचेष्टा नव्हती. पण त्याच्या त्या प्रश्नानं मला घरी येऊन कागद-पेन शोधायला लावलं.

खरंच, कोण बघतं? मोटारीचं इंजिन हा घरातला कर्ता पुरुष. तो धापा टाकतो, गरम होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं काम करतो. त्याच्या अंगाखांद्यावर मग बाकीची मंडळी असतात. दिव्यांना वीज पुरवणारा डायनामो, वारा घालणारा पंखा, पाणी खेळवणारा पंप. ही सगळी एका पट्ट्यानं कर्त्याशी बांधलेली. आता ह्यातल्या प्रत्येकानं कर्त्यापासून किती लांब बसायचं, कुठल्या अंगानं कलायचं, हे ठरवून त्याला तिथंच धरून ठेवणारा जो लोखंडाचा वाकडा तुकडा, तो ब्रॅकेट. तो फिरत नाही, पेटत नाही, वाजत नाही. त्याला रंग दिला काय, न दिला काय. तो आपलं काम नीट करत असेल तर तो आहे हेच कुणाला कळत नाही. नसला, तर मात्र फार लांबवर कळतं. मूर्तिजापूरच्या पुढंपर्यंत.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपुरात बसायचं आणि आमच्या घरचं सरकार विहिरीजवळच्या बाजेवर. म्हणजे माझे वडील, आबा. अमरावतीबाहेर आमचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर संत्र्याची थोडी झाडं. आबांनी एका कापसाच्या जिनवाल्या शेठची जुनी मोटार घेतली होती. शेठला नवी हवी होती आणि आबांना बैलांपेक्षा कमी खाणारं जनावर हवं होतं. दोघांचाही अंदाज चुकला असं पुढं दोघंही सांगत. मोटारीची मागची गादी काढून तिथं टोपल्या बसवल्या होत्या. शेठच्या अत्तराचा वास होता तिथं महिन्याभरात सांबाराचा वास आला आणि मग तो कधी गेलाच नाही.

ती चालवायचा मी. मॅट्रिकच्या परीक्षेनं मला वारंवार परत पाठवलं होतं, त्यामुळे मी रिकामा होतो आणि रिकामा माणूस स्वतःला मिस्त्री समजू लागायला फार दिवस लागत नाहीत. एकदा दुकानदार म्हणाला, इंजिनाला एरंडेल उत्तम. मी डबाभर ओतलं. त्या आठवड्यात आमची मोटार ज्या ज्या रस्त्यानं गेली त्या त्या रस्त्यावरच्या मंडळींनी पोट साफ झाल्याची तक्रार केली. आबा बैलांकडे पाहून म्हणाले, "तुमी दोघं तरी शहाने राहा रे बाबाहो."

आणि गयाकाकी होती.

गयाकाकी माझ्या धाकट्या काकांची बायको. काका तापानं गेले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. विहिरीपलीकडचा तुकडा त्यांच्या वाट्याचा. काळीभोर जमीन, पायाला चिकटली की जोड्याचं वजन दुप्पट. तिथं पऱ्हाटी पेरायची असं आबांनी ठरवलं होतं. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव येईपर्यंत थांबतो. काकीनं कुणाला न विचारता तिथं झेंडू लावला.

आता आमच्यात भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाईनं थेट बोलायचं नाही अशी रीत. पण भांडायचं नाही अशी रीत नव्हती. त्यामुळे हे भांडण माझ्यामार्फत चालायचं. आबा अंगणात, काकी दाराआड, दोघांमध्ये चार पावलांचं अंतर आणि मध्ये मी.

"वसंता, तिले सांग, फुलं कोनी खाते का?"

"वसंता, आबाले सांग, कापूस बी कोनी खात नाई."

"तिले म्हना, कापूस थांबते. फूल थांबते का?"

"थांबत नाई म्हनून तं लोकं धावत येतात घ्याले. सांग त्याईले."

मी काहीही सांगत नसे. दोघांना सगळं ऐकू येत होतं. मी नुसता मान इकडून तिकडे वळवायचो. पण मी तिथून हललो की दोघंही गप्प व्हायची आणि घर दिवसभर फणफणत राहायचं. माझं नेमकं काम काय, हे तेव्हा मला समजलं नव्हतं.

अखेर आबांनी निकाल दिला. "तिले सांग, दसऱ्याले आपली फुलं इकून दाखव. इकली, तं वावर तिचं, तिले जे लावाचं थे लावो. नाई इकली, तं मिरगात मी तिथं पऱ्हाटी टोबतो. मंग रडाचं नाई."

दाराआडून बांगड्या नसलेल्या हातानं कडी वाजली. "सांग, वसंता. कबूल म्हना."

अमरावतीच्या बाजारात दसऱ्याला झेंडू इतका येतो की माणसांचं भागून बैलांच्या शिंगांनाही जास्त होतो. म्हणून काकीनं अकोला धरलं. तिचं माहेर तिथलं, मोर्णेपलीकडे जुन्या शहरात. तिचा भाऊ किसनमामा तिथं हार करून विकायचा. त्यानं निरोप धाडला, फुलं नवमीच्या दिवेलागणीपर्यंत आण, घरची सगळी बसून हार करू, सकाळी दाराशी ओट्यावर दुकान मांडतो. रेल्वेनं न्यायचं तर बैलगाडीतून बडनेऱ्याला, तिथं उतरवा, चढवा, अकोल्याला पुन्हा उतरवा. झेंडू दिसतो दांडगा, पण इतक्या वेळा आपटला की आतून काळा पडतो. मोटार दारातून दारात नेणार होती. मोटार म्हणजे मी.

त्या वर्षीचा तो आश्विन मला अजून डोळे मिटले की दिसतो. विहिरीपलीकडे नुसतं पिवळं-केशरी पेटलेलं. सकाळी धुकं असायचं, त्या धुक्यात काकी पाठमोरी चालायची आणि ती कुठं संपते नि फुलं कुठं सुरू होतात ते कळत नसे. ती फुलांशी बोलायची. तिनं स्वतः फूल माळायचं नव्हतं, देवाला हार घालायला पुढं व्हायचं नव्हतं, आणि तिच्याच हातातून सबंध वावर फुलत होतं. संध्याकाळी पदराला अडकलेल्या पाकळ्या झटकून टाकायची, बस.

नवमी उजाडली. खंडेनवमी. औजारांची पूजा. आदल्या दिवशी फुलं खुडून ओल्या पोत्यांत निजवली होती आणि मी इंजिन चकचकीत करायला घेतलं होतं. रॉकेलनं पुसता पुसता डायनामोशेजारचा एक तुकडा हाताला लागला. वीतभर लांब, कमानीसारखा वाकलेला, मध्ये लांबट खाच. तेला-मातीनं माखलेला. हा जागेवर साफ होईना म्हणून मी सोडवला. बोल्ट मात्र परत लावून ठेवले, कारण रिकामी भोकं वाईट दिसत होती. मग तो तुकडा राखेनं घासला, चिंचेनं घासला, त्याला तेल चोळलं. काय दिसायला लागला म्हणता! एखाद्या छोट्या राजाची छोटी तलवार.

आबांनी पाटावर मांडामांड केली होती. नांगराचा फाळ, कुदळ, विळे, खुरपी, माझे पाने. मधोमध थोडी जागा होती. मी तो तुकडा तिथं ठेवला.

"हे काय होय?"

"गाडीचं शस्त्र, आबा."

एरंडेलानंतर पहिल्यांदाच आबांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काही बरं उमटलं. त्यांनी त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, काकीच्या वावरातलं एक केशरी फूल त्याच्या कमानीवर ठेवलं. मी धन्य झालो.

जेवणं झाली, टोपल्या गाडीत चढल्या, काकी पुढच्या बाकावर मांडीत एक टोपली घेऊन बसली. मी शेवटचं म्हणून बॉनेट उघडलं. डायनामो माझ्याकडे बघत होता. ज्याचा हात दुसऱ्यानं उसना नेलाय अशा माणसासारखा.

मी देवघराकडे गेलो. आबा पाटासमोर बसून होते.

"आबा, त्यातलं एक जरा..."

"काय?"

"काही नाही. फूल सरळ करतो."

"फुलाले कर. लोखंडाले हात लावाचा नाई. उद्या सोनं वाटल्यावर मंगच उचलाचं."

आता ह्यातली बारकी गोम ध्यानात घ्या. आमच्याकडे औजारांची पूजा नवमीला आणि वाहनाची दसऱ्याला. म्हणजे त्या दिवशी मोटार मोकळी होती, तिनं खुशाल चालावं. तिचा एक हात तेवढा माझ्या कृपेनं औजारांत जाऊन बसला होता, आणि त्याच्याशेजारी माझे सगळे पाने. ही चूक करायला मोटार पाहिजे, पूजा पाहिजे आणि मी पाहिजे. तिन्ही एका घरात असणं तेव्हा दुर्मीळ होतं.

मी परत येऊन डायनामोला ढकलून पाहिलं. हलला नाही. बुडाशी खिळीला इतका गंज होता की तो कसा हलेल? मी मनाला समजावलं, गंज हाही एक प्रकारचा ब्रॅकेटच. शिवाय गोऱ्या लोकांना जास्तीचं लोखंड लावायची खोडच असते. काकीला काही बोललो नाही. निघालो.

आणि तो रस्ता! त्या दिवशीसारखा रस्ता मी पुन्हा पाहिला नाही. बडनेरा मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी वावरं उघडली. कपाशीची बोंडं नुकती कुठं कुठं फुटत होती, जणू काळ्या पाटीवर कोणी खडूचे ठिपके देऊन थांबलंय. आणि वावरात माणूस नाही. औत नाही, विळ्याची खसखस नाही, विहिरीवर कुदळीचा आवाज नाही. सबंध वऱ्हाडातलं लोखंड त्या दिवशी निजलेलं होतं. घराघरांत, पाटापाटावर, कपाळाला कुंकू लावून, उशाला झेंडू घेऊन. ते निजलं म्हणून माणसंही निजली होती. बाभळीच्या सावल्या रस्त्यावर पसरल्या होत्या, त्यांवरून आमची मोटार चालली होती, तीही झोपेत चालल्यासारखी. आमच्या मागं मधमाश्या होत्या. मळ्यापासून निघालेल्या, घर सोडून फुलांबरोबर अकोल्याला निघालेल्या. काकी त्यांच्याकडे वळून वळून पाहत होती.

"वसंता, ह्या परत कशा जातीन रे?"

"आपल्यासंगं, काकी. उद्या."

"रिकाम्या टोपलीमांगं कोन येते, बाप्पा," ती म्हणाली आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. ह्याच रस्त्यानं ती काकांबरोबर माहेरी जायची, बैलांच्या दमणीत बसून. मी गाडी जरा हळू केली. मुद्दाम नाही. ती आपोआपच हळू व्हायला लागली होती.

मूर्तिजापुरात एक मिस्त्री होता. त्याला खंडेनवमीशी काही कर्तव्य नव्हतं, त्याच्या दुकानातून हातोड्याचा आवाज येत होता. त्याच्या समोरून मी शीळ घालत गेलो. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं काकीनं ते मला जन्मभर ऐकवलं.

मूर्तिजापूर मागं पडलं, आणि काटेपूर्णेच्या अलीकडे 'खट्' असा आवाज झाला. मग फडफड. मग समोरून पांढरी वाफ.

"वसंता," काकी शांतपणे म्हणाली, "आपली गाडी चिलीम कवापासून ओढून राहिली?"

बॉनेट उघडलं. गंजाचा ब्रॅकेट सुटला होता. डायनामो मान टाकून इंजिनाला टेकला होता, पट्टा सैल पडून लोंबत होता, पंखा थांबला होता, पंप थांबला होता आणि पाणी चहासारखं उकळत होतं. एक हात नव्हता, तर सगळं घर बसलं होतं.

"काकी, एक हात पूजेत राहिला."

"कोनाचा?"

मी सांगितलं. सगळं. तलवारीसकट. तिनं ऐकून घेतलं. मग टोपलीवरचं पोतं उचलून आत हात घातला, फुलांची ऊब पाहिली, पोतं पुन्हा नीट पांघरलं.

"सांजेपर्यंत गेलो तं हार होतीन," ती म्हणाली. "नाई तं उद्या हे ढोरं बी तोंडात घेनार नाईत. अन् मिरगात तिथं पऱ्हाटी." मला ती एक शब्द रागाचा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक झोपडं होतं, धूर निघत होता. तिथं गेलो. दारात बाजेवर एक दादा आडवे. भिंतीला टेकून त्यांचा फाळ, कुऱ्हाड, वखराची पास, सगळ्यांना कुंकू.

"दादा, तार आहे का? एखादी पट्टी? पाना?"

त्यांनी एक डोळा उघडला. "आज?"

"गाडी अडली हो."

"आज खंडेनवमी हाय, भाऊ. आज मी कुऱ्हाडीकडं पाहत बी नाई. उद्या ये, जे पायजे थे ने."

"उद्या फुलं मरतील."

"मंग आज बस. भाकर खा." आणि डोळा मिटला. ह्यात दुष्टावा काही नव्हता. त्यांच्या घरचं लोखंड निजलं होतं, त्याला उठवायचं नव्हतं, इतकंच. मीही तेच करून आलो होतो.

आत त्यांची बायको भाकरी करत होती. मला भूक लागली होती, म्हणून खरं सांगायचं तर मी भाकरीकडेच पाहत होतो. ती टम्म फुगली, बाईनं तिच्याखाली सराटा सारला आणि झटक्यात उलथवली. लोखंडी सराटा. पुढं पान, मागं लांब चपटी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला, खिळ्याला अडकवायला, एक भोक.

मी ते भोक पाहिलं आणि भूक विसरलो. आयुष्यात असं एकदाच झालं.

"काकी," मी कुजबुजलो, "तो सराटा."

काकी चुलीपाशी जाऊन बसली. दोघी बायांनी एकमेकींना न्याहाळलं.

"बाई, हा सराटा पूजेत नाई ठेवला?"

"ठेवला असता तं तुमाले भाकर कायची भेटली असती?" ती बाई म्हणाली. "नवमी त्याईची. चुलीले कायची आली नवमी?"

बाजेवरचे दादा खोकले.

"मंग आजच्या दिस मले दे."

"अन् मी भाकर कायनं उलथवू? तुह्या पुतन्याच्या नाकानं?"

काकीनं माझ्या नाकाकडे एकदा पाहिलं, म्हणजे विचार केला असावा. मग पदर खोचला, तव्यावरच्या भाकरीच्या कडेला बोटं लावली आणि हातानं उलटवली. "अशी."

"पोयलं?"

"पोयलं. पन उलटली ना?"

ती बाई हसायला लागली. हसता हसता तिची नजर काकीच्या मोकळ्या कपाळावर गेली, मग दूर रस्त्यावरच्या गाडीकडे, टपाखालून दिसणाऱ्या त्या केशरी ढिगाकडे. "फुलं कोनाची?"

"माही. माह्या वावरातली." काकीच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आजवर ती 'त्याईचं वावर' म्हणत असे, गेलेल्या काकांचं.

सराटा काकीच्या हातात आला. "उद्या आनून देजो. सोन्यासंगं. इसरलीस तं पाह्य, दसऱ्याच्या दिसाची शिवी लागते."

दादांनी बाजेवरूनच हात लांबवून अंबाडीच्या दोरीची एक लडी पुढं केली. "दोरी औजारात येत नाई," ते डोळे मिटूनच म्हणाले.

मग आम्ही दोघांनी जे केलं त्याला मिस्त्रीकाम म्हणणं धाडसाचं होईल. भोकातून वरचा बोल्ट घातला, बोटांनी जितका पिळवेल तितका पिळला. मी खांद्यानं डायनामो बाहेर रेटला, पट्टा ताणला गेला, सराट्याचं पान खालच्या बोल्टामागं अडकवलं आणि तिथं काकीनं ओल्या अंबाडीची गाठ मारली. हार बांधणाऱ्या घरातली बाई. तिच्या वडिलांनी, आजानं, हजारो हारांना ती गाठ मारली असेल. फूल दुखू नये आणि सुटू मात्र नये, अशी ती गाठ. काटेपूर्णेचं पाणी आणून रेडिएटरला पाजलं, हँडल मारलं.

पंखा फिरला.

पुढचा रस्ता मी झोपेतल्यासारखाच चालवला, पण ही झोप वेगळी होती. ऊन उतरलं होतं, वावरांवरून पिवळसर धूळ तरंगत होती, मधमाश्या पुन्हा येऊन मिळाल्या होत्या. सराटा आत बारीक किणकिणत होता. आणि थोड्या वेळानं इंजिनाच्या ऊबेनं तो तापला तसा गाडीतून भाकरीचा वास यायला लागला. विश्वास ठेवा. रॉकेल, झेंडू आणि भाकरी. काकी डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. किणकिण जरा बदलली की तिचा पोळलेला हात टोपलीच्या कडेवर घट्ट व्हायचा. अधूनमधून म्हणायची, "थांब." मी थांबायचो. अंबाडी सुकून गाठ सैल पडू नये म्हणून ती उतरून तिच्यावर पाण्याची चूळभर धार सोडायची, फुलांवर शिंपडायचं तेच पाणी, आणि पुन्हा येऊन बसायची.

दिवे लागत होते तेव्हा आम्ही मोर्णा ओलांडून जुन्या शहराच्या गल्लीत शिरलो. किसनमामा दारात उभा. त्यानं नाक वर केलं. "गया, फुलं आनली का सैपाक?"

दसऱ्याची सकाळ मला तुकड्यातुकड्यांत आठवते. ओट्यावर केशरी डोंगर. मोटेवाले, टांगेवाले, जिनातले मजूर, मोटारीवाले शेठ, कपाळाला टिळा लावलेली पोरं. डोंगर उतरत गेला, टेकडी झाली, मग ओंजळ झाली. काकी ओट्याच्या मागच्या अंगाला, खांबाआड बसली होती. शेवटचा हार एका म्हातारीनं घेतला, आणि मग ओट्यावर नुसत्या पाकळ्या उरल्या. किसनमामा मागं वळला, तर काकी त्या पाकळ्या पदरात गोळा करत होती. "बी धरतो," ती म्हणाली. पाकळीच्या बुडाला बी असतं, हे मला तेव्हा कळलं.

सोनं वाटून झालं तसं गावातलं लोखंड जागं झालं. पुलाजवळच्या लोहारानं आमच्या डायनामोला एक पट्टी ठोकून दिली आणि काकीनं त्याच्याकडून आणखी एक वस्तू करून घेतली. परत येताना त्या झोपड्याशी थांबलो. काकीनं त्या बाईच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, मग जुना सराटा, मग कोरा सराटा.

"हा कायले?"

"नवा तुले. जुना आमी नेतो म्हटलं. आमच्या गाडीले त्याची सवय झाली."

बाईनं दोन्ही काढून घेतले. "जुना माहा. नवा तुह्या पुतन्याचा दंड." आणि दार लावून घेतलं. आतून हसण्याचा आवाज आला. मधमाश्या मात्र आमच्याबरोबर परतल्या की नाही, ते मी पाहायचं विसरलो.

घरी आलो तर आबा विहिरीजवळ बाजेवर. त्यांच्या मांडीवर तो तुकडा. खाचेत कुंकू अडकलेलं. ते तो उलटासुलटा करून बघत होते.

"हे गाडीचं होतं का रे? कामाचं?"

मी मान खाली घातली. शस्त्र म्हणून त्यांनीच त्याला फूल वाहिलं होतं, तेव्हा मला रागावायचं तर थोडं स्वतःलाही रागवावं लागलं असतं. काकी पदर सावरून नेहमीच्या दाराआड गेली. रिकाम्या टोपल्या मी अंगणात उतरवल्या, एकात एक घालून. आबांनी त्या पाहिल्या. वाकून सगळ्यात वरची टोपली तपासली, एकही फूल नव्हतं.

"वसंता."

"जी."

"तिले सांग." घसा साफ केला. "तिले सांग, पुढल्या साली बांधाच्या कडीनं शेवंती बी लावजो म्हना. तिचं वावर हाय, मी काय सांगनार. पन शेवंती बी चालते म्हना तिथं."

मी मान तिकडे वळवून उभा राहिलो. दोघांच्या मध्ये, नेहमीच्या जागी. मग कडीचा आवाज झाला, फार हळू.

"सांग, वसंता," काकी म्हणाली, "बी धरलं हाय म्हना."

मी त्याच रात्री तो ब्रॅकेट जागेवर चढवला. कुंकू निघेना, मी फार प्रयत्नही केला नाही. पुढं काकी असेपर्यंत प्रत्येक खंडेनवमीला सकाळी ती मोटारीपाशी यायची, बॉनेटवर तळहात ठेवायची आणि मला विचारायची, "सगळे हात आतमंदी हायेत ना रे?" मोटार विकली गेल्यावर ती हाच प्रश्न घरातल्या माणसांबद्दल विचारू लागली. विहिरीपलीकडच्या त्या तुकड्याला आम्ही अजून काकीचं वावर म्हणतो. तिथं पऱ्हाटी कधीच लागली नाही.

परवा दसऱ्याला निरंजन मला बोलवायला आला. म्हणाला, आजोबा, गाडीची पूजा करू, काय काय बाहेर काढून ठेवू? मी म्हटलं, काही बाहेर काढायचं नाही, तुला माझी शपथ. बॉनेट उघडायला लावलं आणि वाकलो. इंजिन नुकतंच थांबलं होतं, ऊब होती. मी कुंकवाचं बोट आत घातलं आणि चाचपत चाचपत त्या वाकड्या तुकड्यावर टेकवलं, जिथं होता तिथंच.

"आत कोणाला दिसणार आहे, आजोबा?"

मी वास घेत होतो. रॉकेल आलं. मग त्याच्या हातातल्या ताटलीतला झेंडू. मग मी तसाच वाकून जरा वाट पाहिली.